सहावी ओळ

"आबा, सकाळी एकही झाड उरलं नाही तर?"

"मग न्हाई उरणार."

आबा भोईटे मूळचे कोरेगावचे. तीस वर्षांपूर्वी कॅनडात शेती करायला आले, ते वाघ्या घेवड्याचं बी पिशवीत घालून. पहिल्याच थंडीत सगळी झाडं काळी पडली. दोन तगली. आबांनी त्या दोनांचंच बी पेरलं, आणि दरवर्षी तेच करत राहिले.

त्यांच्याकडे शिकायला आलेल्या सौमित्रला शेतकी कॉलेजात सुवर्णपदक मिळालं होतं. ते गळ्यात नसलं तरी बोलण्यात लटकत असे.

ऑगस्ट संपत आला होता. शेंगा कोवळ्या होत्या, आणि पहाटे पारा शून्याखाली उतरणार असं रेडिओवर सांगत होते.

"राख लावून ठेवलेलं थोडं बी असेल ना डब्यात?"

आबांनी डबा उपडा केला. नुसती राख सांडली.

"आबा, चादरी टाकू या. तीस वर्षं आहेत या सहा ओळींत!"

"झाकलं तर कोण तगलं, ते कसं कळायचं?"

"पण..."

आबा घरात निघून गेले.

अंधार पडायच्या आत सौमित्रने आपली रजई आणि एक ताडपत्री नेऊन कुंपणालगतची सहावी ओळ गुपचूप झाकली. मग तो पांघरुणाशिवाय कुडकुडत पडला. थंडीपेक्षा भीतीच जास्त होती.

उजाडताच तो धावला. पाच ओळी उकडल्यासारख्या काळ्या पडल्या होत्या. सहावी हिरवीगार होती.

"वाचली, आबा! मी झाकली होती!"

आबा बांधावर बसले होते. रात्रभर तिथेच असावेत.

"तिच्या शेंगा तोड. दुपारी भाजी करू."

"भाजी? आबा, आता तेवढंच बी उरलंय!"

आबांनी बोट दाखवलं. काळ्या पाल्यात तीन झाडं हिरवी उभी होती.

त्यांनी खिशातून लाल दोरा काढून सौमित्रच्या हातात दिला. "बांध त्यांना."

सौमित्रने तीन गाठी मारल्या. "ही तिन्ही गेली असती तर? तुम्हाला भीती नाही वाटली?"

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. ते बसले होते तिथे चार चादरी होत्या. घडी न मोडलेल्या.

"वाटली की... म्हणून तर त्यांच्यावर बसून ऱ्हायलो."