तिवरांचे उपकार

कितीतरी पिढ्यांमागची ही गोष्ट आहे. समुद्राकाठी एक छोटंसं राज्य होतं. तिथल्या खाडीच्या दोन्ही तीरांवर तिवरांचं दाट रान होतं. लोक मासे, खेकडे धरत आणि पोटापुरतं भात पिकवत. कापूस मात्र तिथे होत नव्हता आणि तांबंही मिळत नव्हतं. म्हणून दूरदेशीच्या सौदागराचं गलबत खाडीत आलं, तेव्हा तरुण राणीला फार आनंद झाला.

सौदागर म्हणाला, "दरवर्षी कापड देईन, तांबं देईन. तुम्ही तिवरं तोडून कोळंबीची तळी करा. सगळी कोळंबी माझी."

राणीने होकार दिला. उत्तर तीरावरची तिवरं पडली. घरोघरी नवी लुगडी आली, तांब्याचे हंडे आले. पण आडोसा गेल्यामुळे भरतीचं पाणी शेतांत शिरू लागलं. विहिरी खारट झाल्या. नव्या हंड्यांत भरायला गोडं पाणीच उरलं नाही.

राणी स्वतः तिथे गेली. एका बाईने तिच्या ओंजळीत पाणी घातलं. राणीला ते गिळवेना.

पुढे सौदागर दक्षिण तीर मागायला आला.

"आता एकही झाड पडणार नाही," राणी म्हणाली. "खाडीत आपसूक वाढते तेवढीच कोळंबी न्या, आणि तेवढ्याचंच कापड द्या."

"मग चिंधीसुद्धा मिळणार नाही!" असं म्हणून तो तडक निघून गेला.

राणीने लोकांना बोलावलं. "आता ठिगळं लावून दिवस काढावे लागतील. काढाल?"

"ठिगळांचं काय एवढं, राणीसाहेब?" ती बाई म्हणाली. "तिवरं लावायची कधीपासून, ते सांगा."

राणीला भरून आलं. पदर खोचून तीही लोकांबरोबर चिखलात उतरली.

काही वर्षांनी मोठं वादळ झालं. सौदागराचं गलबत त्यात सापडलं आणि कसंबसं दक्षिण तीराच्या तिवरांत शिरलं. लाटांचा सगळा मारा झाडांनी सोसला. एकही माणूस दगावला नाही. गावाने सगळ्यांना गरम पेज पाजली.

सौदागराने हात जोडले. "राणीसाहेब, हीच झाडं मी तोडायला निघालो होतो."

"त्यांचे आभार माना," राणी म्हणाली, "आणि या माणसांचे. मी रोज मानते."

त्यानंतरचा व्यवहार राणीच्या अटींवर झाला. उत्तर तीरावरच्या विहिरी गोड व्हायला मात्र राणीचे केस पिकावे लागले.

मातीपाण्याचे उपकार विसरून केलेला सौदा, पदरात कितीही पडलं तरी, तोट्याचाच ठरतो.