शेंगा फोडणारी आई

एका गावात एका आईने एकदा घरातच हायस्कूल काढले. हायस्कूल म्हणजे काय, तर ओसरीवर एक सतरंजी, एक फळा आणि दोन विद्यार्थिनी, त्याही तिच्याच मुली. थोरली केतकी, धाकटी ऋता. दोघींत जेमतेम सव्वा वर्षाचे अंतर. आईचे नाव शुभदा. विज्ञानाची पदवी घेतलेली बाई ती, पण ती पदवी पंधरा वर्षे कपाटात घडी घालून ठेवलेली होती.

घरात शाळा मांडण्याला कारण घडले होते. केतकी आठवीत होती. वर्गात फार प्रश्न विचारते म्हणून तिला एकदा आठवडाभर व्हरांड्यात उभे केले गेले, आणि त्यानंतर ती पोर बोलायचीच बंद झाली. शुभदाने दोघींचे दाखले काढून आणले. "माझ्या घरात हिचं तोंड कुणी बंद करणार नाही," असे तिने नवऱ्याला सांगितले. नवऱ्याने मान डोलावली. दीर मात्र म्हणाले, "वहिनी, भातुकली आहे का ही? पोरींच्या आयुष्याचा प्रश्न आहे." शुभदाला राग आला आणि ती भर घरात बोलून बसली, "दहावीला दोघी चांगल्या पास झाल्या नाहीत, तर पुन्हा कुणाला काही शिकवायचं नाव काढणार नाही."

मग तिने स्वतःला जुंपून घेतले. पहाटे उठून आधी स्वतः धडा वाचायची, मग मुलींसमोर बसायची. समोर म्हणजे अगदी गुडघ्याला गुडघा लावून. मुलगी उत्तर देऊ लागली की हिचे ओठ हलत. चूक होणार असे दिसले की कपाळावर आठी, बरोबर वाटेवर आली की डोळ्यांत हसू. अशी दोन वर्षे गेली. दोघींना एकाच वर्षी दहावीला बसवायचे ठरले. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी असतो तो सतरा नंबरचा फॉर्म भरला गेला आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी व तोंडी परीक्षेसाठी तालुक्याची एक शाळा मिळाली.

दसऱ्याच्या सुमारास त्या शाळेने सराव म्हणून तोंडी परीक्षा घेतली. पालकांना बाहेर बसवले होते. अर्ध्या तासाने परीक्षा घेणाऱ्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही घरी काही शिकवता की नाही? दोघी नुसत्या गप्प उभ्या आहेत." शुभदाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरी आल्यावर तिने तेच प्रश्न विचारले, तर दोघींनी पाण्यासारखी उत्तरे दिली! हे काय गौडबंगाल आहे, ते तिला काही उमगेना.

गावाबाहेर कालव्यालगत एक वृद्ध गुरुजी राहत. चौथीत त्यांनीच शुभदाला शिकवले होते. नव्वदी गाठली तरी दोन गुंठ्यांत भुईमूग लावून तो स्वतः उपटणारा तो माणूस. मुलींना घेऊन ती त्यांच्याकडे गेली. मुली शेंगांचा ढीग बघायला गेल्या तशी ती भडाभडा बोलली.

"गुरुजी, कुठे कमी पडतेय मी? पाठांतर वाढवू का? पहाटे चारला उठवू का? नाहीतर सरळ दिरांची माफी मागून पोरींना शाळेत घालते."

गुरुजी म्हणाले, "माफीचं मागाहून बघू. मी मुलींना दोन प्रश्न विचारतो. पहिल्याच्या वेळी तू नेहमीसारखी बस. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी कसंही उत्तर दिलं, तरी कपाळाला आठ्या घाल."

"बरोबर दिलं तरी?"

"बरोबर दिलं तर अधिकच घाल."

वयापुढे कुणाचे चालते, असे मनाशी म्हणत शुभदा मुकाट्याने बसली.

मुली समोर आल्या. गुरुजींनी विचारले, "विहिरीतून बादली ओढताना ती पाण्यात असते तोवर हलकी वाटते, बाहेर आली की जड होते. का?" केतकीने आईकडे पाहत सुरुवात केली, आईच्या डोळ्यांत हसू दिसले तशी घडाघडा बोलत गेली आणि उत्तर अचूक दिले.

"छान. आता सांगा, बर्फ पाण्यात बुडतो की तरंगतो?"

"तरंगतो!" दोघी एकदमच म्हणाल्या.

शुभदाने आठ्या घातल्या.

दोघींची नजर आईच्या कपाळावर गेली. मग ऋता चाचरत म्हणाली, "म्हणजे... बुडतो." केतकी म्हणाली, "हो. बुडतो."

दर उन्हाळ्यात सरबताच्या पेल्यात तरंगणारा बर्फ बोटाने खाली ढकलत बसणाऱ्या या मुली. शुभदाला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

गुरुजींनी मुलींना पुन्हा शेंगांकडे पिटाळले. म्हणाले, "मी त्यांचं नाव विचारलं नाही हे नशीब. तेही बदलून घेतलं असतं." मग ते गंभीर झाले.

"शुभदे, तुझ्या मुली उत्तम शिकल्या आहेत. पण त्यांनी एकच पुस्तक मनापासून वाचलं आहे, ते म्हणजे तुझा चेहरा. विज्ञान, गणित, इतिहास, सगळ्यांची उत्तरं त्यांना त्याच पानावर मिळतात. परीक्षेच्या खोलीत ते पान नव्हतं, म्हणून त्या गप्प राहिल्या. व्हरांड्यात उभं करून त्या शाळेने केतकीचं तोंड बंद केलं होतं. तू ते मायेने बंद केलंस. मायेने केलेलं ओळखू येत नाही, एवढाच काय तो फरक."

शुभदाच्या डोळ्यांत पाणी आले. "मग शिकवणं सोडू?" तिने विचारले.

"अजिबात नाही. जीव ओतून शिकव. मात्र प्रश्न विचारलास की पाठ फिरवून बस." गुरुजींनी शेंगांचे एक पोते तिच्यापुढे सरकवले. "आणि या शेंगा फोड. हात रिकामे राहिले तर तू वळून बघशील."

पहिला आठवडा जिवावरचा होता. शुभदा प्रश्न विचारी, भिंतीकडे तोंड करून बसे आणि मागे सामसूम पसरे. "आई, बरोबर आहे ना?" असे केविलवाणे स्वर येत. ती म्हणे, "मी शेंगा फोडतेय." चुकीचे उत्तर ऐकू आले की तिच्या हातातली शेंग दाण्यासकट चुरा होई. एकदा ऋता रडली. त्या दिवशी शुभदाही रडली, पण भिंतीकडे बघून.

मग हळूहळू मागून कुजबुज ऐकू येऊ लागली. कुजबुजीची चर्चा झाली, चर्चेचे भांडण झाले. "तुझं चूक!" "करून बघू या, चल!" अंडे खारट पाण्यात तरंगते का, या वादात चार अंडी आणि एक चिनी मातीचा वाडगा कामी आला. शुभदा भिंतीला टेकून पोट धरून हसली.

पौषात गावाच्या पाण्याच्या टाकीची उंची सावलीवरून काढायची होती. सकाळी दहाला शुभदाने अंगणात काठी उभी करून तिची सावली मोजली. स्वयंपाक आवरून टाकीपाशी पोहोचली तेव्हा माध्यान्ह झाली होती. मग टाकीची सावली मोजली. घरी येऊन त्रैराशिक मांडले, फळ्यावर 'दहा मीटर' लिहिले आणि ती शेंगा फोडायला बसली. मागे खुसुरफुसुर झाली. मग तिला केतकीचा आवाज ऐकू आला, आठवीत हरवलेला तोच आवाज.

"आई, तुझं चुकलंय. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायला हव्या होत्या. सकाळची सावली आणि दुपारची सावली, यांचा मेळ कसा बसेल?"

शुभदाचा हात थांबला. आधी कान तापले, मग ऊर भरून आला. तिने वळून पाहिले नाही. "मग तुम्ही मोजून या," एवढेच ती म्हणाली. मुलींनी दुसऱ्या दिवशी मोजून सोळा मीटर आणले. टाकीवरच्या पाटीवरही सोळाच लिहिलेले होते.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. शुभदा शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिली. फोडायला शेंगा नव्हत्या, म्हणून रुमालाच्या दशा ओढत होती. दोन तासांनी दोघी बाहेर आल्या त्या हातवारे करत, मोठमोठ्याने वाद घालत.

"अगं, सरांनी 'नक्की?' म्हणून डोळे वटारले, तरी मी म्हटलं, नक्की! करून दाखवू का?"

"ते ठीक, पण तू कारण अर्धंच सांगितलंस."

"अर्धं? ऐक आता..."

बोलत बोलत त्या आईच्या अंगावरून पुढे निघून गेल्या. दहा पावले, वीस पावले. तिच्याकडे दोघींचेही लक्ष नव्हते. थोडे वाईट वाटावे असाच तो क्षण होता, आणि शुभदाला तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटत होती.

त्याच संध्याकाळी तिने गुरुजींपुढे शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ठेवला.

"अगं, लेखी परीक्षा अजून व्हायची आहे ना? मग लाडू कसले?"

"त्यांची व्हायची आहे, गुरुजी. माझी आज झाली."

गुरुजींनी दात नसलेल्या तोंडात लाडवाचा तुकडा टाकला आणि खूप वेळ डोळे मिटून तो घोळवत राहिले.

उन्हाळा सरता सरता निकाल लागला. दोघी प्रथम श्रेणीत आल्या. संध्याकाळी दीर पेढे घेऊन स्वतः आले, ओसरीवर टेकले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, माझ्या धाकट्याचीही यंदा दहावी आहे. खरं सांगा, या शेवटच्या सहा महिन्यांत तुम्ही नेमकं काय केलंत?"

शुभदा हसली. कोपऱ्यातले रिकामे पोते उचलून तिने ते दिरांच्या हातात दिले.

"शेंगा फोडत होते, भाऊजी."