येसबाचे कच्चे गोळे

फार वर्षांपूर्वी, गावात दोनच विहिरी होत्या तेव्हाची ही गोष्ट. आमच्या मोरवडीत येसबा नावाचा राखण्या होता. शेतातल्या मचाणावर उभा राहून तो गोफणीनं मातीचे भाजलेले गोळे मारायचा आणि ज्वारीवर बसणारी पाखरं हाकलायचा. त्याचा नेम असा, की उडत्या पाखराचं ठरवलेलं पीस पाडायचा, असं म्हणतात.

त्याचा थोरला भाऊ लिंबाजी. आश्विन लागला की तो सकाळीच येसबाला माळावर फिरायला न्यायचा, दूरदेशाहून येणाऱ्या भोरड्या बघायला. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ती पाखरं. हजारोंचा थवा आभाळात वळला की लिंबाजी ओरडायचा, "येशा, बघ, पाव्हणे आले!"

एका उन्हाळ्यात लिंबाजी गेला. आश्विनात भोरड्या आल्या आणि येसबाची गोफण उठेना. दादाचे पाहुणे मारायचे कसे?

नागूतात्या पाटील मचाणाखाली येऊन गरजले, "येशा, राखण करतोस का पंगत वाढतोस? एक शेत जरी रितं झालं, तरी तुझं बिऱ्हाड गावाबाहेर!"

मग येसबानं गोळे भाजलेच नाहीत. मातीत आपल्या वाट्याची ज्वारी कालवली, गोळे नुसते उन्हात वाळवले आणि मचाणावरून थेट माळाकडे भिरकावले. गोळा हवेत फुटायचा, दाणे सांडायचे आणि सगळा थवा शेत सोडून तिकडे धावायचा. पीक वाचलं. येसबा मात्र वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिला. माळावर तो पुन्हा चढला नाही. दादाशिवाय पाय उचलायचा नाही त्याचा.

मग एका साली पाऊसच आला नाही. शेतं करपली. गाव सोडायला लोकांनी गाड्या जुंपल्या. त्याच सकाळी भोरड्या आल्या आणि गावावरून जाऊन माळावर उतरल्या.

येसबा म्हणाला, "तात्या, पाव्हणे रिकाम्या घरी उतरत नाहीत. चला."

सगळे चालत वर गेले. बघतात तर खडकाच्या फटीफटीत ज्वारी, पुरुषभर उंच! नुसत्या दवावर वाढलेली, असं म्हणतात. कितीही कापली तरी कमीच होईना.

तात्यांनी पागोटं काढून येसबाच्या पायाशी ठेवलं. तो मागं सरला. "माझ्या न्हाई, दादाच्या पायाशी ठेवा," म्हणाला, आणि थव्याकडे हात जोडले.

आजही मोरवडीत भोरडीला कुणी दगड मारत नाही. पहिला थवा दिसला की सगळं गाव सकाळी माळावर चालत जातं. प्रत्येकाच्या हातात ज्वारी कालवलेला कच्चा गोळा असतो. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घराचा गोळा आधी.

यंदा पहिला गोळा मी मारला. तो फुटला, आणि आभाळ गुलाबी झालं.

"दादा," मी म्हणालो, "पाव्हणे आले."