फुकटचा भोपळा

ज्या काळी माकडं झाडाखाली दुकानं मांडत, त्या काळी गोदाक्का नावाची एक घूस होती. पळसाचं पान आणून दाखवलं की माकड एका भोपळ्यावर दुसरा फुकट देई. मग काय, गोदाक्का दिवसभर पानंच गोळा करी.

"अगं, आपल्या घरात भोपळा कुणी खात नाही," नवरा म्हणाला.

"खाण्याचं काय घेऊन बसलात? फुकट मिळतोय!"

बीळ भोपळ्यांनी गच्च भरलं. नवरा-बायको बाहेर बांधावर झोपू लागली.

एके दुपारी कोल्हा आला. दोघं जीव मुठीत धरून बिळाकडे धावली, तर तोंडाशीच भोपळा अडकलेला! तो काही केल्या हलेना. तेवढ्यात शेजारच्या सशिणीनं हाक मारली आणि दोघं कशीबशी तिच्या बिळात शिरली. कोल्हा बाहेर नाक घासून निघून गेला.

धाप ओसरल्यावर गोदाक्कानं चौफेर पाहिलं. "तुझं घर बरंच मोकळं आहे गं! उद्यापासून काकड्या स्वस्त होणार आहेत. थोड्या इथे ठेवू?"

"ठेवा की, अक्का," सशीण म्हणाली. "फक्त पुन्हा कोल्हा आला तर आपण तिघांनी कुणाच्या घरी पळायचं, तेवढं आधी ठरवा."