तोफेचं पांघरूण

वाघदऱ्याच्या रणधवल महाराजांच्या नव्या तोफेला बायकांनी लोकरीचं पांघरूण घातलं, आणि सगळं गाव ते बघायला लोटलं.

ही तोफ साधी नव्हती. तिच्यासाठी महाराजांनी घरोघरचे तवे गोळा करून वितळवले होते. दारूगोळा आणायचा राहून गेला, त्यामुळे तोफ नुसतीच चौकात उभी होती. इकडे बायका खापरावर भाकऱ्या भाजत होत्या. खापर दर दोन दिवसांनी तडकत होतं आणि घराघरांतून माणसं आंबील पिऊन उठत होती.

मग एका बाजाराच्या दिवशी धनगरवाड्यातली हौसा आली. तिनं तोफेच्या तोंडावर विणीचा एक तुकडा चढवला, त्याच्याच धाग्याला आपला धागा जोडून दोन ओळी विणल्या आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली, तिसऱ्या दिवशी चार आल्या. पहारेकऱ्याला वाटलं, शस्त्रपूजेची तयारी चाललीय. त्यानं सावलीला बसायला घोंगडं दिलं. महिन्याभरात तोफ तोंडापासून बुडापर्यंत झाकली गेली. चाळीस घरचे चाळीस पट्टे, काळे, करडे, पांढरे. एवढी मोठी तोफ, पण दिसायची कानटोपी घातलेल्या तान्ह्या पोरासारखी.

कुणी विचारलं, की बायका शांतपणे सांगत, "आत आमचे तवे आहेत. चूल सुटल्यापासून गारठलेत बिचारे."

गावात दोन तट पडले. प्रधान दाजीपंत म्हणाले, हा उघड राजद्रोह आहे. शास्त्रीबुवा म्हणाले, शस्त्राला वस्त्र घालू नये असं कुठल्याच पोथीत नाही. सेनापती म्हणाले, शत्रू हसेल. त्यावर कासार म्हणाला, हसून हसून मेला तर बरंच, तेवढीच दारू वाचली.

शेवटी महाराजांनी चाळीसही बायकांना दरबारात उभं केलं.

"पहिला टाका कुणी घातला?"

"मी," हौसा म्हणाली.

"मी," तिच्या मागची म्हणाली. बघता बघता चाळीसही जणी म्हणाल्या, "मी."

दाजीपंत पुढे सरसावले. "महाराज, जिनं पहिला टाका घातला तिला तोफेच्या तोंडी द्यावं. तशी दवंडी आत्ताच पिटवतो." महाराजांनी मान डोलावली आणि दवंडी पिटलीही गेली.

महाराज हौसाकडे वळले. "तुझी जीभ फार चालते म्हणे. सूर्य मावळायच्या आत खरी पहिली कोण ते दाखव. तोंडची साक्ष चालणार नाही, पुरावा पाहिजे. नाही मिळाला, तर राज्यातली एकूण एक चाती मोडीन आणि एकूण एक माग जाळीन."

मागच्या बायका चुळबुळल्या. चाती मोडली की सूत बंद, आणि सूत बंद झालं की घोंगडी बंद. मग धनगरवाड्यानं खायचं काय?

हौसा एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "पुरावा तोफेवरच आहे, महाराज. विणीतला पहिला टाका सगळ्यांत शेवटी उसवतो. टोक धरा आणि ओढा."

"शिपाई ओढतील."

"शिपायांनी धागा बदलला अशी कुणी शंका काढली तर? राजाच्या हातावर कोण शंका घेणार?"

महाराजांना हे पटलं. पटलं नसतं तर बरं झालं असतं, कारण चौकात गाव जमलं होतं. भर दुपारी महाराज मांडी घालून तोफेपाशी बसले आणि उसवायला लागले. दाजीपंतांच्या हाती सुताचा गुंडा दिला. महाराज ओढत होते, प्रधान गुंडाळत होते. काळा पट्टा सुटला की गर्दीतून आवाज येई, "हा पारूच्या तव्याचा." करडा सुटला की, "हा सोनारणीचा. दोन भाकऱ्या एकदम बसायच्या त्याच्यावर." चाळीस पट्टे सुटेपर्यंत महाराजांना राज्यातला प्रत्येक तवा पाठ झाला. गुंडा एवढा वाढला, की त्याच्यामागे प्रधान दिसेनासे झाले.

ऊन कलता कलता तोंडावरचा, इतके दिवस पट्ट्यांखाली झाकलेला तो पहिला तुकडा उरला. त्याचा धागा वेगळाच निघाला. मऊ, केशरी, आणि त्यात बारीक जर.

महाराजांचे हात थांबले. असली लोकर राज्यात एकाच ठिकाणी होती, आईसाहेबांच्या महालात.

"पुढं ओढा की, महाराज," गुंड्यामागून दाजीपंत म्हणाले. त्यांना काहीच दिसत नव्हतं. "नाव निघू दे एकदा."

"निघालं," मागून आवाज आला. मेण्यातून आईसाहेब उतरत होत्या. "तो तुकडा मीच विणून हौसाकडे दिला. विचारलं तर लपवू नको, असंही सांगितलं होतं. या दाजीपंतानं राजनिष्ठा दाखवायला राजवाड्याचाही तवा नेला. मला दात नाहीत आणि तीन महिने मी खापरावरचे करपलेले तुकडे चघळतेय. दवंडी ऐकली मी. चल, दे तोफेच्या तोंडी. तिच्यातून एकदा काहीतरी गरम बाहेर पडू दे."

गुंडा दाजीपंतांच्या हातून सुटला आणि गडगडत गेला. कुणी हसलं नाही, कारण महाराजांचा चेहरा लाल झाला होता.

"तुला माहीत होतं," ते हौसाला म्हणाले. "मग दरबारातच नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं, तर आईसाहेबांवर खोटा आळ घेतला म्हणून मीच तोफेच्या तोंडी गेले असते," हौसा म्हणाली. "आता आळ घेणारेही महाराज, पुरावा काढणारेही महाराज आणि दवंडीही महाराजांचीच. आमच्या हातात काय राहिलं? नुसतं सूत."

महाराज तिच्याकडे बघत राहिले. मग उघड्या पडलेल्या तोफेकडे, मग गुंड्यामागे धावणाऱ्या प्रधानाकडे. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ते असे हसले की मांडी घालून बसलेले मागेच कलंडले. तेव्हा कुठे गावानं हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तोफ भट्टीत गेली. लोहारानं घडवलेला पहिला तवा आईसाहेबांना मिळाला आणि दुसरा, सगळ्यांत मोठा, हौसाला. शिवाय महाराजांनी तिला धनगरवाड्याची पाटीलकी दिली. दाजीपंतांना घरोघरी तवे पोचवायचं काम मिळालं, डोक्यावरून.