पिवळा पडदा

वसमतजवळच्या एका हळदीच्या कारखान्यात कौतिकाबाईचं अर्धं आयुष्य गेलं. खोकल्यानं ती खंगली, तेव्हा तिथल्या बायकांनी धूळ ओढून घेणारे पंखे मागितले आणि सरकारकडे तक्रार केली.

तपासणीला साहेब येणार हे मालक सुभानरावांना आधीच कळलं. त्यांनी मशिनं बंद ठेवली, फरशी धुतली, कॅमेरेसुद्धा पुसून घेतले. साहेबांना म्हणाले, "माझ्याकडे धूळ नाही. बायांना कामाचा कंटाळा आलाय." साहेबांनाही कुठं काही दिसेना.

तेवढ्यात मालकांनी बोलावलेली, कॅमेरे बसवणारी शाहीन आली. साहेबांसमोरच मालक तिच्यावर भडकले, "कसले कॅमेरे बसवलेस? मशिनं सुरू झाली की पडदा पिवळा होतो, माणूस ओळखू येत नाही!"

दारात कौतिकाबाई खोकत उभी होती. तिच्याकडे पाहून शाहीन शांतपणे म्हणाली, "मालक, आज मशिनं बंद आहेत, तर चित्र लख्ख दिसतंय. मशिनं चालू असताना हवेत जे उडतं, तेच कॅमेरा दाखवतो. त्याला धूळ म्हणायचं नसेल, तर काय म्हणायचं ते साहेबांना सांगा."

साहेबांनी कालचं चित्रण लावायला सांगितलं आणि पडदा पिवळा झालेला स्वतः पाहिला. पंखे बसेपर्यंत मशिनं चालवायची नाहीत, असा हुकूम झाला.

पंखे आले. कौतिकाबाईचा खोकला मात्र गेला नाही. आता तिच्या जागी तिची सून कामाला जाते. ती घरी येते तेव्हा पदराला हळदीचा वास असतो, पण छातीत घरघर नसते.