बिनशिंगाचा पठ्ठा

रान आतापेक्षा बरंच दाट होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या रानात गवा वस्तादांची तालीम होती. वस्ताद जन्मात एकही कुस्ती हरले नव्हते, म्हणून येईल त्याला ते आपलाच डाव शिकवत. मान खाली घालायची आणि शिंगांनी उचलायचं. ज्यांना शिंगं नव्हती त्यांना ते म्हणत, "मेहनत कमी पडतेय."

साळिंदराची तर फारच कमी पडत होती. त्यातच रानडुकराने पाणवठा अडवला. "आधी मला हरवा, मग पाणी प्या," तो म्हणाला. वस्तादांचे नेमके गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी साळिंदराचं नाव पुढे केलं.

साळिंदर रडकुंडीला येऊन म्हाताऱ्या भेकरीकडे गेला. तिने कधी कुस्ती केली नव्हती. तालमीबाहेर चरता चरता ती नुसती बघत असे.

"भ्यालास की काय करतोस रे?" तिने विचारलं.

"लाज वाटते सांगायला, आजी. पाठ फिरवतो आणि मागे सरकतो."

"मग उद्या तेवढंच कर."

दुसऱ्या दिवशी रानडुक्कर धावून आला. साळिंदर भ्याला आणि पाठ फिरवून मागे सरकला. डुकराच्या नाकात इतके काटे रुतले, की तो पाणवठाच काय, रानही सोडून गेला.

साळिंदराचं नाव झालं. त्याने स्वतःची तालीम काढली. पहिल्याच दिवशी ससा आला.

"पाठ फिरव, काटे उभे कर आणि मागे सरक," साळिंदर म्हणाला.

सशाने मान वळवून आपली मऊ पाठ पाहिली. "वस्ताद, मला काटे नाहीत."

"मेहनत कमी पडतेय," साळिंदर म्हणाला.